ऑफिसच्या शेअरपॉइंट साइटचा रोजचा बॅकअप: नव्यानं जबाबदारी आलेल्यांसाठी

आयटी विभागात नवीन लागलेल्या माणसाकडे पहिल्या महिन्यातच एक काम येतं. आधीचा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो आणि कुणीतरी टेबलापाशी येऊन सांगतं, "इंट्रानेट आता तुम्ही बघा." इंट्रानेट म्हणजे शेअरपॉइंट, ऑफिसची कागदपत्रं आणि आतल्या साइट ठेवायची मायक्रोसॉफ्टची प्रणाली. रजेचे अर्ज, टेंडरची कागदपत्रं, मीटिंगची टिपणं, हिशोबाच्या एक्सेल शीट, सगळं त्याच्या पोटात. बॅकअपचं काय असं विचारलं तर उत्तर मिळतं, "रोज रात्री होतो ना." तो खरंच होतो का, कुठे जातो, त्यातून साइट परत उभी राहते का, हे कुणी पाहिलेलं नसतं.

हे काम अंधेरीच्या एमआयडीसीत मी बरीच वर्षं करते आहे आणि मला ते मनापासून महत्त्वाचं वाटतं, कारण त्या सर्व्हरवर दुसऱ्यांची मेहनत असते. तुमच्या कंपनीचं शेअरपॉइंट स्वतःच्या सर्व्हरवर असेल, मग ते २०१६ असो, २०१९ असो की सबस्क्रिप्शन एडिशन, तर पुढच्या पायऱ्या जशाच्या तशा चालतील. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर असेल तर शेवटी थोडं वेगळं लिहिलं आहे. कमांडची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. टाइप अर्थात इंग्रजीतच करायची.

आधी एक गैरसमज दूर करू

सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत आणि एकीवरचं दुसरीवर आपोआप उतरतं, म्हणजे बॅकअप आहे, असं बऱ्याच जणांना वाटतं. तो बॅकअप नव्हे. एक डिस्क जळाली तर काम चालू राहावं एवढीच ती सोय. कुणी चुकून अख्खी लायब्ररी उडवली तर ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडते.

जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला. आपल्याकडे त्याचा फटका न्हावाशेव्याला, जेएनपीटीच्या एका टर्मिनलला बसला, कारण ते टर्मिनल मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाकडे होतं. मर्स्ककडे वेगवेगळ्या सर्व्हरचे बॅकअप होते. पण कुणी कुठे लॉगिन करायचं हे ठरवणारे डोमेन कंट्रोलर जगभर एकमेकांची नक्कल ठेवत होते, आणि तीच नक्कल पुरेशी आहे असं धरलेलं होतं. हल्ला झाला तेव्हा जोडलेले सगळे एकदम गेले. वाचला तो घानामधला एकच, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो नेटवर्कला जोडलेलाच नव्हता. मूळ मशीनला कायम जोडलेली प्रत मूळ मशीनसोबतच जाते, हे नवीन माणसाला पटवायला मी नेहमी हाच दाखला देते.

रिसायकल बिन मात्र उपयोगाची आहे. स्वतःच्या सर्व्हरवरच्या शेअरपॉइंटमध्ये डिलीट केलेली फाईल साधारणपणे ३० दिवस तिथे राहते. कुणाचा फोन आला की आधी तिथे बघा, मग फाईलच्या जुन्या व्हर्जन बघा. दहापैकी बहुतेक वेळा काम तिथेच होतं आणि बॅकअपला हात लावावा लागत नाही.

पहिली पायरी: काय वाचवायचं ते कागदावर लिहा

शेअरपॉइंटमध्ये साइट कलेक्शन नावाचा एक घटक असतो. एक मुख्य साइट आणि तिच्या पोटातल्या उपसाइट, मिळून एक कलेक्शन. या लेखातला बॅकअप अशा एकेका कलेक्शनचा आहे. शेअरपॉइंटच्या मॅनेजमेंट शेलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, 'गेट-एसपीसाइट' ही कमांड 'लिमिट ऑल' असं सांगून चालवली की सगळी कलेक्शन दिसतात. 'लिमिट' विसरलात तर यादी २० वर थांबते आणि एकविसाव्या साइटचा बॅकअप कायमचा राहून जातो.

प्रत्येकीचा आकार लिहा. १०० जीबीपेक्षा मोठी साइट या पद्धतीनं घेऊ नये. बॅकअप फार वेळ चालतो, शेअरपॉइंटचा मजकूर ज्या डेटाबेसमध्ये साठतो त्या एसक्यूएल सर्व्हरवर ताण येतो आणि मध्येच तुटण्याची शक्यता वाढते. तेवढी मोठी साइट असेल तर ती स्वतंत्र डेटाबेसमध्ये ठेवून त्या डेटाबेसचाच बॅकअप एसक्यूएलमधून घ्यावा.

मग ज्यांची साइट आहे त्यांच्याकडे जा. मेल पाठवू नका, जाऊन बसा. प्रश्न एकच: "आज संध्याकाळी सगळं गेलं आणि कालच्या रात्रीचं परत मिळालं, तर चालेल का?" एचआर म्हणेल चालेल. टेंडर विभाग म्हणेल, शेवटच्या दिवशी अजिबात नाही चालणार. त्यांच्यासाठी दुपारचा आणखी एक बॅकअप ठेवावा लागेल. हे उत्तर तुमच्या मनानं ठरवू नका, कारण नुकसान त्यांचं होणार आहे.

हिशोबाची पुस्तकं त्या साइटवर असतील तर हा प्रश्न विचारण्याचाही नाही. कंपनी कायद्याखालच्या लेखा नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये बदल झाला. इलेक्ट्रॉनिक स्वरूपातल्या हिशोबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर रोज ठेवणं त्यानंतर बंधनकारक झालं. त्याआधी नियमात ठरावीक काळानं एवढंच म्हटलेलं होतं. कंपनीच्या सीएंशी एकदा बोलून घ्या.

दुसरी पायरी: कुठे ठेवायचा

शेअरपॉइंटच्याच सर्व्हरवर ठेवायचा नाही, हे झालंच. नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनवर एक शेअर केलेला फोल्डर करा. जागेचा हिशोब सोपा आहे: साइट ४० जीबीची आणि १४ दिवसांच्या प्रती हव्यात, तर ५६० जीबी. साइट वाढत जाते म्हणून दीडपट तरी धरा.

पण ते दुसरं मशीन त्याच इमारतीत असेल तर मुंबईत ते पुरत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठीच्या काठानं, कुर्ला, कलिना, साकीनाक्यापर्यंत तळमजल्यावरची ऑफिसं पाण्यात गेली. सर्व्हर पाण्यात आणि त्याच्या शेजारच्या रॅकमधल्या बॅकअपच्या डिस्कही पाण्यात. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बिघडून मुंबईबरोबर ठाणे आणि नवी मुंबईचीही वीज गेली. म्हणून दुसरी प्रत ठाण्यात ठेवून मी समाधानी राहत नाही. २६ जुलैला कल्याण-बदलापूरही पाण्याखाली होतंच. पुण्याची किंवा नाशिकची शाखा असेल तर तिथे पाठवा. नसेल तर भारतातल्या एखाद्या क्लाउड सेवेवर, पण मुंबईबाहेरच्या डेटा सेंटरमध्ये.

लाइनचा वेग आधी मोजा. अपलोड ५० एमबीपीएस असेल तर ४० जीबी जायला पावणेदोन तास लागतात, तेही लाइनवर दुसरं काही नसताना. त्या वेळेचा विचार वेळापत्रकात करावा लागतो.

आणखी एक प्रत अशी हवी की जी कशालाच जोडलेली नाही. दर शुक्रवारी यूएसबी हार्डडिस्कवर घ्या, डिस्क काढा, कुलपात ठेवा. दोन डिस्क घेतल्या की आलटून पालटून वापरता येतात. डिस्क कूटबद्ध करा, कारण त्यात सगळ्यांचे पगार आहेत आणि ती लोकलमध्ये कुणाच्या तरी बॅगेतून जाणार आहे.

तिसरी पायरी: स्वतंत्र खातं

बॅकअप तुमच्या स्वतःच्या लॉगिननं चालवू नका. तुम्ही नोकरी सोडाल त्या दिवशी खातं बंद होईल आणि बॅकअपही बंद पडेल. मला मिळालेल्या दोन ऑफिसांत नेमकं हेच झालेलं होतं.

डोमेनमध्ये फक्त याच कामासाठी एक खातं करा. त्याला शेअरपॉइंटच्या शेलचा अधिकार 'अ‍ॅड-एसपीशेलअ‍ॅडमिन' या कमांडनं द्यायचा, आणि तो प्रत्येक कंटेंट डेटाबेससाठी (साइटचा मजकूर ज्यात असतो तो डेटाबेस) वेगवेगळा द्यावा लागतो. नवीन डेटाबेस जोडला की पुन्हा द्यायचा. शेअरपॉइंट सर्व्हरवर स्थानिक अ‍ॅडमिन, बॅकअपच्या फोल्डरवर लिहिण्याचा अधिकार, आणि सर्व्हरच्या सुरक्षा धोरणात 'लॉग ऑन अ‍ॅज अ बॅच जॉब' हा हक्क. एवढं पुरतं. डोमेन अ‍ॅडमिन मुळीच करू नका. ते खातं चोराच्या हाती लागलं तर अख्खं ऑफिस जाईल.

चौथी पायरी: एकदा हातानं करा

आपोआप काही चालवण्याआधी तेच काम एकदा स्वतः करून बघायचं. मॅनेजमेंट शेल 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा. कमांड आहे 'बॅकअप-एसपीसाइट'. तिच्यापुढे साइटचा पत्ता, मग 'पाथ' आणि फाईलचं पूर्ण नाव. 'फोर्स' हा शब्द जोडला तर त्या नावाची आधीची फाईल पुसून नवी लिहिली जाते. शिकताना तो जोडू नका.

फाईलला 'बॅक' हे एक्स्टेन्शन द्यायची पद्धत आहे. एसक्यूएलच्या बॅकअपलाही तेच असतं, पण दोन्ही फाईल पूर्ण वेगळ्या असतात, एकीच्या जागी दुसरी चालत नाही. दोन्ही प्रकार घेत असाल तर फोल्डर वेगळे ठेवा.

बॅकअप चालू असताना साइट फक्त वाचता येते, तिच्यात काही लिहिता येत नाही. हे मुद्दाम तसं केलेलं आहे, कारण कॉपी होत असताना कुणी बदल केले तर फाईल बिघडू शकते. 'नोसाइटलॉक' असा पर्याय देऊन हे टाळता येतं, पण ते करू नका. ज्यांच्या एसक्यूएलमध्ये डेटाबेस स्नॅपशॉटची सोय आहे त्यांनी 'यूजएसक्यूएलस्नॅपशॉट' वापरावा. मग एका क्षणाचं चित्र धरून त्यावरून कॉपी होते आणि लोकांचं काम अडत नाही.

घड्याळ लावून किती वेळ लागला ते लिहा. फाईलचा आकार लिहा. हे दोन आकडे पुढे फार कामाला येतात.

बॅकअप मध्येच तुटला, समजा नेटवर्क गेलं, तर कधीकधी साइट फक्त वाचण्याच्या अवस्थेतच अडकून राहते. सकाळी फोन सुरू होतात. सेंट्रल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या शेअरपॉइंटच्या व्यवस्थापनाच्या साइटमध्ये साइटचे कोटा आणि लॉक दाखवणारं पान आहे, तिथून कुलूप काढता येतं. तिथली बटणं फिकट दिसून दाबता येत नसतील तर साइट मेंटेनन्स मोडमध्ये अडकलेली असते. मग शेलमधून 'क्लिअरमेंटेनन्समोड' चालवावं लागतं. हे आधीच माहीत असलं की सकाळी नऊ वाजता घाम फुटत नाही.

पाचवी पायरी: स्क्रिप्ट

सेंट्रल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या पानावरून बॅकअप घेता येतो, पण रोज अमुक वाजता घे असं तिथे सांगता येत नाही. म्हणून पॉवरशेलची, म्हणजे विंडोजच्या कमांड भाषेतली, छोटी स्क्रिप्ट आणि ती ठरल्या वेळी चालवणारा विंडोजचा टास्क शेड्युलर. नोटपॅड पुरतो.

पहिली ओळ शेअरपॉइंटच्या कमांड पॉवरशेलला ओळखायला लावणारी. २०१६ आणि २०१९ मध्ये त्यासाठी 'अ‍ॅड-पीएसस्नॅपइन' लागतं. सबस्क्रिप्शन एडिशनमध्ये स्नॅपइन गेलं आणि त्याची जागा मॉड्यूलनं घेतली, तिथे ही ओळ नको. जुन्या सर्व्हरवरची स्क्रिप्ट नव्यावर उचलून टाकली की पहिली अडचण इथेच येते.

पुढे साइटच्या पत्त्यांची यादी. पत्ते स्क्रिप्टमध्ये न लिहिता वेगळ्या टेक्स्ट फाईलमध्ये ठेवा, म्हणजे साइट वाढली की स्क्रिप्टला हात लावावा लागत नाही.

फाईलच्या नावात तारीख हवी: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. २०२६०७१४ अशी. मग नावाप्रमाणे लावलं तरी फाईल आपोआप तारखेच्या क्रमानं लागतात. पॉवरशेलमध्ये महिन्यासाठी कॅपिटल एम दोनदा लिहायचे. छोटे एम म्हणजे मिनिटं. मी पाहिलेल्या एका सर्व्हरवर वर्षभराच्या फाईलच्या नावांत महिन्याच्या जागी ००, ०१, ०२ असे आकडे होते. बॅकअप मध्यरात्रीनंतर लगेच चालायचा, ती त्याची मिनिटं होती. कुठली फाईल कुठल्या महिन्याची हे नावावरून कळायला मार्गच नव्हता.

आता स्क्रिप्टचा गाभा. प्रत्येक साइटसाठी बॅकअपची कमांड 'ट्राय' मध्ये घाला आणि चूक पकडायला 'कॅच' लावा. पण पॉवरशेलमध्ये बऱ्याच चुका अशा असतात की लाल अक्षरं उमटतात आणि स्क्रिप्ट पुढे जाते. 'कॅच' ला काही कळतच नाही. म्हणून कमांडच्या शेवटी 'एररअ‍ॅक्शन स्टॉप' लिहायलाच हवं. आणि एक जरी साइट फसली तरी स्क्रिप्टनं शेवटी 'एक्झिट १' म्हणून बाहेर पडायचं. हे नसेल तर शेड्युलरला वाटतं, सगळं ठीक.

कमांड यशस्वी झाली यावर थांबू नका. स्क्रिप्टला तीन गोष्टी तपासायला लावा: फाईल जागेवर आहे का, तिची वेळ आजची आहे का, आणि कालच्या फाईलच्या तुलनेत आकार किती. काल ३८ जीबी आणि आज ९ जीबी, तर काहीतरी बिघडलं आहे. एकतर बॅकअप अर्धवट झाला, नाहीतर साइटवरून कुणी बरंच काही काढून टाकलं. दोन्ही गोष्टी तुम्हाला सकाळीच कळायला हव्यात.

जुन्या फाईल पुसण्याचं काम सगळ्यात शेवटी ठेवा. इथली चूक मला सगळ्यात घातक वाटते. बहुतेक स्क्रिप्टमध्ये सरळ लिहिलेलं असतं: १४ दिवसांपेक्षा जुनी फाईल पूस. आता समजा बॅकअप होणं काही कारणानं थांबलं, पण पुसणं चालू राहिलं. पंधराव्या दिवशी फोल्डर रिकामा. तुमचीच स्क्रिप्ट तुमचे सगळे बॅकअप खाऊन टाकते. म्हणून अट घाला: आजची फाईल तपासणीत पास झाली असेल तरच पूस, आणि काहीही झालं तरी शेवटच्या सात फाईल ठेव. पुसण्याच्या कमांडला सुरुवातीचे काही दिवस 'व्हॉटइफ' जोडा. मग ती काय पुसणार आहे ते नुसतं सांगते, पुसत नाही.

स्क्रिप्टनं प्रत्येक टप्प्याची नोंद लॉग फाईलमध्ये करावी. लॉगचा फोल्डर वेगळा ठेवा आणि १४ दिवसांच्या नियमात तो येऊ देऊ नका. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपावे लागतात.

सहावी पायरी: टास्क शेड्युलर

शेअरपॉइंट सर्व्हरवर टास्क शेड्युलर उघडा आणि 'क्रिएट टास्क' घ्या. 'क्रिएट बेसिक टास्क' नको, त्यात हव्या त्या खुणा मिळत नाहीत. खातं ते स्वतंत्र केलेलं. 'रन व्हेदर यूजर इज लॉग्ड ऑन ऑर नॉट' वर खूण, 'रन विथ हायएस्ट प्रिव्हिलेजेस' वर खूण. अ‍ॅक्शनमध्ये प्रोग्रॅम म्हणून पॉवरशेल, आणि आर्ग्युमेंटमध्ये 'फाईल' लिहून स्क्रिप्टचा पत्ता. स्क्रिप्टचं नाव थेट प्रोग्रॅमच्या चौकटीत टाकलं तर ती चालत नाही, नुसती नोटपॅडमध्ये उघडायला जाते.

हातानं चालवल्यावर चालते आणि शेड्युलरमधून चालत नाही, ही तक्रार नवीन माणूस हमखास घेऊन येतो. बहुतेकदा कारण एकच. त्यानं बॅकअपचा फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला असतो. तो झेड ड्राइव्ह त्याच्या लॉगिनपुरता असतो. शेड्युलरच्या खात्याला तो दिसत नाही. स्क्रिप्टमध्ये दोन बॅकस्लॅशनं सुरू होणारा, मशीनच्या नावासकटचा पूर्ण पत्ता द्या.

वेळ कुठली? पुस्तकात लिहिलेलं असतं, रात्री दोन. मुंबईत ते तपासून घ्या. अंधेरी, गोरेगाव, ऐरोलीतल्या कितीतरी ऑफिसांत अमेरिकेची शिफ्ट असते. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात दुपारचे साडेचार झालेले असतात, म्हणजे ऐन कामाची वेळ. तेव्हा साइटला कुलूप लागलं तर तक्रार समुद्रापलीकडून येईल. अशा ऑफिसात पहाटे पाच बरे. एसक्यूएलचा स्वतःचा बॅकअप आणि अँटिव्हायरसचं स्कॅन त्याच वेळी नाही ना, तेही बघा.

'लास्ट रन रिझल्ट' या रकान्यात शून्य दिसलं तर ठीक. १ दिसलं तर काहीतरी चुकलं. टास्क चालूच असेल तेव्हा ४१३०१ असा लांबलचक आकडा दिसतो, त्यानं घाबरू नका.

सातवी पायरी: निरोप

एका जुन्या ऑफिसात बॅकअप फसला की मेल यायचा. मेल आला नाही म्हणजे सगळं छान, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. गणपतीचे दिवस, अर्धं ऑफिस कोकणात गावी. बॅकअपच्या खात्याच्या पासवर्डची मुदत संपली. विंडोज डोमेनमध्ये मूळ धोरणाप्रमाणे ती ४२ दिवसांची असते आणि ती कुणी बदललेली नव्हती. स्क्रिप्ट सुरूच झाली नाही. जी सुरूच झाली नाही ती फसल्याचा मेल कुठून पाठवणार? अकरा दिवस आमची समजूत होती की सगळं ठीक चाललंय. बाराव्या दिवशी सर्व्हरची डिस्क गेली. अकाउंट्समधल्या मॅडमनी त्या अकरा दिवसांतली एकेक नोंद व्हाउचर समोर ठेवून पुन्हा टाइप केली, रात्री आठ-साडेआठपर्यंत बसून. त्यांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून माझ्याकडे यशाचाही मेल रोज येतो. विषयातच निकाल, साइटची संख्या आणि एकूण आकार. सकाळचा पेपर आला नाही की घरात लगेच लक्षात येतं, तसं त्या मेलचं न येणं लक्षात यायला हवं.

पण माणूस रजेवर जातो, सवयीनं दुर्लक्षही करतो. म्हणून दुसऱ्या एका मशीनवर एक वेगळा, अगदी छोटा टास्क ठेवा. तो रोज सकाळी आठ वाजता बॅकअपच्या फोल्डरमध्ये डोकावतो आणि सगळ्यात नवी फाईल २६ तासांपेक्षा जुनी असेल तर ओरडतो. मूळ सर्व्हर बंद पडला, पासवर्ड संपला, कुणी टास्क डिसेबल केला, काहीही झालं तरी याला कळतं. मेल दोघांना जाऊ द्या, आणि त्यातला एक तरी गणपतीत मुंबईत असणारा हवा.

खात्याच्या पासवर्डची मुदत काढून टाकायची की ठरल्या तारखेला बदलायचा, हे सुरक्षेचं बघणाऱ्यांशी बोलून ठरवा. बदलायचा असेल तर बदलल्याबरोबर टास्कमध्येही नवा पासवर्ड टाकायचा, हे कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा.

आठवी पायरी: परत उभं करून बघणं

पाणीकपातीच्या आदल्या रात्री पिंप भरलं म्हणून सांगणारं घरात कुणीतरी असतंच, पण आई झाकण उचलून बघतेच. महिन्यातून एकदा बॅकअपचं झाकण उचलायचं.

यासाठी चाचणीचा वेगळा सर्व्हर असावा. त्यावरचं शेअरपॉइंट मूळ सर्व्हरच्या आवृत्तीचं आणि निदान तेवढेच अपडेट टाकलेलं हवं. नव्या सर्व्हरचा बॅकअप जुन्या पॅचच्या सर्व्हरवर उतरत नाही. चाचणी सर्व्हरला अपडेट टाकायचं विसरतात आणि गरजेच्या दिवशी हे कळतं.

कमांड 'रिस्टोअर-एसपीसाइट'. वेगळा सर्व्हर नसेल आणि त्याच शेअरपॉइंटमध्ये दुसऱ्या पत्त्यावर साइट उतरवायची असेल, तर एक खाचखळगा आहे. साइटचा अंतर्गत ओळख क्रमांक तोच राहतो आणि एका कंटेंट डेटाबेसमध्ये एक क्रमांक दोनदा बसत नाही. मग शेअरपॉइंट सांगतो की साइट ठेवायला डेटाबेसच उपलब्ध नाही. माणूस डिस्कमधली जागा तपासत बसतो आणि जागा तर भरपूर असते. उपाय: एक रिकामा कंटेंट डेटाबेस करा आणि कमांडमध्ये त्याचं नाव द्या.

उतरल्यावर साइट उघडली एवढ्यावर खूश होऊ नका. तीन-चार फाईल उघडा. एखादी जुनी, एखादी कालची, एखादी मोठी. परवानग्या बघा: एचआरच्या फोल्डरमध्ये साध्या कर्मचाऱ्याला शिरता येत नाही ना? किती वेळ लागला तेही लिहा. साहेब विचारतील "किती वेळात सुरू होईल?", तेव्हा तुमच्याकडे अंदाजाऐवजी आकडा असेल.

आणि एक फाईल हवी म्हणून अख्खी साइट मूळ साइटवर 'फोर्स' लावून कधीही उतरवू नका. एका माणसाची फाईल परत येते आणि बाकी सगळ्यांचं दिवसभराचं काम पुसलं जातं. बाजूला उतरवा, तेवढी फाईल काढा, ज्याची त्याला द्या.

या बॅकअपमध्ये जे येत नाही

चालू असलेले वर्कफ्लो येत नाहीत. रजेचा अर्ज साहेबांच्या मंजुरीसाठी अडकलेला असेल तर रिस्टोअरनंतर तो पुन्हा पाठवावा लागेल. सर्व्हरवर बसवलेली फार्म सोल्युशन (शेअरपॉइंटमध्ये घातलेले जादा प्रोग्रॅम), वेब अ‍ॅप्लिकेशनच्या सेटिंग, सर्चची मांडणी, हेही कलेक्शनच्या बॅकअपमध्ये नसतं. म्हणून कंटेंट डेटाबेसचा एसक्यूएलमधून वेगळा बॅकअप चालूच ठेवा, सोल्युशनच्या फाईल एका फोल्डरमध्ये जपा आणि फार्मचा, म्हणजे शेअरपॉइंटच्या सगळ्या सर्व्हरच्या संचाचा, पासफ्रेज लिहून कुलपात ठेवा. तो शेअरपॉइंटला विचारून परत दिसत नाही.

क्लाउडवर असाल तर

शेअरपॉइंट ऑनलाइनमध्ये सर्व्हर मायक्रोसॉफ्टचा असतो आणि वरच्या कमांड तिथे नाहीत. डिलीट केलेली फाईल दोन्ही रिसायकल बिन मिळून ९३ दिवस राहते, त्यानंतर ती गेली. 'क्लाउडवर आहे म्हणजे सुरक्षित' असं धरून बसू नका. सर्व्हर जळण्याची काळजी त्यांची, पण तुमच्या माणसानं चार महिन्यांपूर्वी काय पुसलं याची काळजी तुमचीच. मायक्रोसॉफ्टची बॅकअपची वेगळी पैशांची सेवा आहे, इतर कंपन्यांच्याही आहेत. कुठलीही घ्या, पहिली, सातवी आणि आठवी पायरी तिथेही चुकत नाही.

शेवटचं काम कागदाचं

सगळं चालू झालं की दोन पानं लिहा आणि छापा. सर्व्हर गेला तर सर्व्हरवर ठेवलेली माहितीही जाते, म्हणून कागदच हवा. साइटची यादी, बॅकअप कुठे-कुठे आहे, खात्याचं नाव (पासवर्ड नाही), रिस्टोअरची कमांड शब्दशः, डिस्कच्या कपाटाची किल्ली कुणाकडे, मागच्या रिस्टोअरची तारीख आणि लागलेला वेळ. एक प्रत तुमच्या खणात, एक प्रशासन विभागात आणि एक मुंबईबाहेरच्या त्या शाखेत. पावसाळ्याआधी, मे महिन्यात, हे कागद तुमच्या विभागातल्या सगळ्यात नवीन माणसाच्या हातात द्या आणि त्याला तुमच्या मदतीशिवाय साइट उभी करायला सांगा. तो जिथे अडेल, तिथे कागदात ओळ वाढवा.